घमेल्यांखालचे तीन बिबटे

तेहतीस वर्षं मी जंगल खात्यात गार्ड होतो आणि उभ्या आयुष्यात एकदाही बंदुकीचा घोडा ओढला नाही. खात्यानं मला हत्यारं दिली ती तीन: काठी, शिट्टी आणि रोजनिशी. त्यांत सगळ्यांत घातक रोजनिशी. काठीनं फार तर फुरसं मरतं. शिट्टीनं लाकूडचोर पळतात, नाहीतर हसतात. पण रोजनिशीत एकदा उतरलं की ते मरतही नाही आणि पळतही नाही. माझ्या एका ओळीनं दोन बिबटे जन्माला घातले आणि मी निवृत्त होईपर्यंत ते माझ्याच गळ्यात राहिले. त्यांची ही हकिकत. यातलं नेमकं किती खरं, ते मला विचारू नका. मी जातीनं तिथं हजर होतो, त्यामुळे माझा गोंधळ इतरांपेक्षा जास्त आहे.

साल पंचावन्न किंवा छप्पन. आमच्या हिच्या मते सत्तावन्न, कारण तिला त्या वर्षी घेतलेला स्टोव्ह आठवतो. पिंपरीचा माळ तेव्हा नुसता माळ होता. आज जिथं तिन्ही शिफ्टचे भोंगे होतात तिथं तितर ओरडायचे. चिंचवड स्टेशनात उतरून त्या बाजूला पाहिलं तर कुसळं, बाभळी आणि लांबवर पवनेकाठची हिरवी रेघ, एवढंच दिसायचं. त्या माळावर एका कारखान्याचं बांधकाम निघालं होतं. कारखान्याचं नाव सांगत नाही. जावई अजून तिथं कामाला आहे.

आता बिबट्या म्हणजे काय ते आधी समजून घ्या, कारण पुढचा घोळ सगळा तिथूनच आहे. बिबट्याला पट्टे नसतात, पट्टे ढाण्या वाघाला. आयाळ नसते, ती सिंहाला. बिबट्याच्या अंगावर फुलं असतात. पाच बोटांची टोकं काजळात बुडवून पिवळ्या भिंतीवर गोल टेकवली तर मधे पोकळ असं जे उमटेल, तसं एकेक फूल. पायांवर आणि डोक्यावर मात्र भरीव ठिपके. शेपूट लांबलचक, खालच्या अंगानं पांढरी. मी पाहिलेला सगळ्यांत मोठा बिबट्या नाकाच्या शेंड्यापासून शेपटाच्या टोकापर्यंत अकरा फूट भरला. हिचं म्हणणं, मागच्या दिवाळीत मी नऊ म्हणालो होतो. वर्षभरात वाढला असेल.

अंगानं तो वाघाच्या निम्माही नाही, पण मान आणि खांदे पाहावेत. स्वतःच्या वजनाचं जनावर दातांत धरून तो सरळ उभ्या झाडावर चढतो आणि फांदीच्या बेचक्यात ठेवतो, म्हणजे तरसांनी वाटा मागायला नको. खाऊन झालं की तिथंच चारी पाय सोडून झोपतो. उतरताना डोकं खाली करून उतरतो. तो शेळी खातो, वासरू खातो, माकड, घूस, काही नसलं तर खेकडासुद्धा खातो, पण त्याचा जीव खरा कुत्र्यावर. कुत्रं दिसलं की त्याला आपल्याला पुरणपोळी दिसल्यासारखं होतं. त्याला डरकाळी येत नाही. सुतार करवत ओढतो तसा खर्र-खर्र, खर्र-खर्र आवाज काढतो. आणखी एक गोष्ट आहे, ती पुढं सांगतो, कारण मलाही ती पुढंच आठवली.

हे झालं जनावर. पण गार्डाला जनावर क्वचितच दिसतं. गार्डाला दिसतात ठसे. लोकांना वाटतं, आम्ही रानात छाती काढून हिंडतो. नाही हो. आम्ही मान खाली घालून हिंडतो. बिबट्याचा पुढचा पंजा रुंद, मागचा अरुंद आणि लांबट. नराचा गोलसर, मादीचा निमुळता. नखं तो आत ओढून चालतो म्हणून ठशात नखं दिसत नाहीत. नखं दिसली की समजा कुत्रं. चिखलात ठसा फुगतो, कोरड्या मातीत आक्रसतो. हे सगळं मला पाठ होतं. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. तरीही जे व्हायचं ते झालं.

एके सकाळी रेंजरसाहेबांनी बोलावून चिठ्ठी हातात दिली. पिंपरीच्या बांधकामावर इंजिनियरसाहेबांचा कुत्रा नाहीसा झालाय, वाघानं नेला म्हणतात, बघून या. मी सायकल हाणत गेलो. फाटकातून आत शिरलो आणि सायकलवरून उतरायचंच विसरलो.

सगळ्या मैदानभर घमेली पालथी घातलेली. भिंतीपासून विटांच्या ढिगापर्यंत, चुन्याच्या हौदाभोवती, फाटकापाशी, जिकडंतिकडं लोखंडी घमेली आणि प्रत्येकावर एक धोंडा. एकशे वीस असतील. बरं, साठ. आमच्या मावळातली रीत अशी की जनावराचा ठसा दिसला की त्यावर टोपलं पालथं घालायचं आणि गार्ड येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. बांधकामावर आसपासच्या गावांतले निम्मेअधिक लोक होते. त्यांनी रीत पाळली. टोपली नव्हती, घमेली होती.

निवृत्ती मुकादम माझ्याकडे धावतच आला. हा बीडकडचा, बोलायला लागला की आधी हात बोलायचे.

"गार्डसाहेब, तुमचे लई उपकार होतील, माझी घमेली सोडवा! सकाळपासून एक घमेलं माल चढला नाही. माणसं म्हणतात खाली वाघ आहे."

"वाघ नाही, ठसा आहे."

"मग ठशाला गोणपाट घाला की राव! स्लॅब कशानं ओतू, टोपीनं?"

इंजिनियर देवस्थळीसाहेब ऑफिसच्या पत्र्याच्या शेडपुढं उभे होते. पुण्याचे, काटेकोर, बोलताना शब्दाला शब्द लागू न देणारे. डोळे मात्र सुजलेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. होता तो सुलतान, त्यांचा अल्सेशियन. वजन माझ्या मेहुण्याएवढं, अक्कल थोडी जास्त. रोज संध्याकाळी साहेब त्याला फाटकावरच्या चौकीदाराच्या हवाली करायचे, म्हणजे दोघांनी मिळून राखण करावी. त्या दिवशी सकाळी चौकीदार होता, सुलतान नव्हता.

"गार्ड, ही भिंत आठ फुटांची आहे," साहेब म्हणाले. "एवढा मोठा कुत्रा तोंडात धरून कुठलंही जनावर ती ओलांडणार नाही. कुत्रा फाटकातून गेला. फाटक याच्या ताब्यात. कुणाला देऊन टाकलास, खंडू?"

खंडू चौकीदार मान खाली घालून उभा. हा पिंपळे गुरवचा. ती भिंत जिथं उभी होती तिथंच दोन वर्षांपूर्वी त्याचा कांद्याचा वाफा होता. जमीन गेली, त्या बदल्यात ही चौकीदारी मिळाली. खाकी कोट आणि पितळी बिल्ला. बिल्ला तो रोज चिंचेनं घासायचा. माळावर ऊन पडलं की खंडू दिसायच्या आधी बिल्ला दिसायचा.

"न्हाई वो सायेब," तो म्हणाला. "म्या कशाला दिऊ? पहाटंला करवतीचा आवाज आला. मला वाटलं सुतार लौकर आलं."

"सुतार तीन दिवस झाले गावी गेलेत," मुकादम म्हणाला.

"आन दुसरं म्हंजी..." खंडू घुटमळला. "भाताचा वास येत व्हता. आंबेमोहराचा."

सगळं बांधकाम हसलं. बाजरीच्या भाकरीवर राबणारी ती माणसं. मावळचा आंबेमोहर शिजला की वासानं आळी जागी होते, पण त्या माळावर तो शिजवणार कोण आणि तोही पहाटे?

"म्हणजे झोपेत जेवत होतास," साहेब म्हणाले.

सगळ्यांत मोठ्यांदा मी हसलो. हे लिहून ठेवतो, कारण ते मला अजून टोचतं.

मग मी घमेली उचलायला घेतली. एकेक धोंडा बाजूला, घमेलं वर, मी उकिडवा, सगळी माणसं माझ्या पाठीवर. हौदाजवळच्या चिखलात हा असा, परातीएवढा ठसा. बरं, बशीएवढा. भिंतीच्या कडेला लांबट, निमुळता. फाटकाजवळच्या कोरड्या फुफाट्यात एक इवलासा, अर्धवट. मला कळत होतं. चिखलातला फुगलाय, निमुळता आहे तो मागच्या पायाचा, फुफाट्यातला आक्रसलाय किंवा रानमांजराचा असेल. जनावर एक. मनात मी एकच धरला होता.

"किती हायेत?" कुणीतरी विचारलं.

मी वर पाहिलं. साठ-सत्तर माणसं श्वास धरून उभी. बायांनी पदर तोंडात धरलेले. त्यांनी अख्खी सकाळ घमेली राखली होती. त्यांना एक म्हणून सांगायला माझी जीभ उचलेना. एका बिबट्यासाठी एवढा लवाजमा?

"तीन," मी म्हणालो. "नर, मादी आणि पिल्लू."

लोकांमधून असा काही समाधानाचा आवाज उठला की विचारू नका. तिथल्या तिथं मी रोजनिशी काढली, जांभळी पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं: बिबटे, नग तीन.

देवस्थळीसाहेब हसले नाहीत. ते खंडूकडे वळले. "तीन बिबटे. माझ्या आवारात तीन बिबटे फिरले आणि माझ्या चौकीदाराला त्यातला एकही दिसला नाही. एक असता तर मी म्हटलं असतं, नजर चुकली. तीन?"

खंडूचा चेहरा चुन्यासारखा झाला. मी घाईनं म्हणालो, "साहेब, तीन म्हणजे कसं, कदाचित..."

"लिहिलंयत ना तुम्ही?"

"लिहिलंय."

"मग झालं. खंडू, उद्या संध्याकाळच्या टोलापर्यंत मला खरं काय ते सांग. नाहीतर टोल दे आणि बिल्ला टेबलावर ठेवून जा."

टोल म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा. काम सुटायच्या वेळी खंडूच तो वाजवायचा. स्वतःच्या हातानं वाजवून स्वतःच घरी जायचं, असा तो हुकूम होता, आणि तो माझ्या तोंडच्या तीन या आकड्यामुळे निघाला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडतं न उजाडतं तोच मी पुन्हा हजर. विचार असा की ठसे नीट पुन्हा वाचावेत, एकच बिबट्या सिद्ध करावा, आणि भिंतीवरून तो कुत्र्यासकट कसा गेला त्याचा माग काढावा. पाहतो तर घमेली जागच्या जागी, धोंड्यांसकट. पहिलं उचललं. खाली गाढवाचा खूर. दुसरं उचललं, खाली पोराचं पाऊल. तिसऱ्याखाली वहाणेचा ठसा, आणि ती वहाण निवृत्ती मुकादमाची.

"मुकादम!"

"राव, काल सांजच्याला स्लॅब ओतायचाच होता," तो म्हणाला. "घमेली घेतली, काम केलं, धुतली, परत ठेवली. तुमची मोडतोड नको म्हणून मोजून ठेवलीत बघा, एक कमी नाही!"

बिबट्याचा ठसा म्हणून नाव घ्यायला उरला नव्हता. आता जगाच्या पाठीवर कुणीही तिनाचा एक करू शकत नव्हता.

मी खंडूच्या झोपडीवर गेलो. तो बिल्ला घासत बसला होता.

"खंडू, खरं सांग. तू काय पाहिलंस?"

"गार्डसायेब, तुमच्यापासून काय लपवू? डोळा लागला व्हता. सुलतान पायाशी व्हता म्हून बिनघोर झोपलो. करवतीनं जाग आली, वास आला, परत झोपलो. न्हाई बघितलं काय."

"आता तू पाहिलंयस," मी म्हणालो. "तीन पाहिलेस. मी शिकवतो."

पाप होतं, पण दुसरं सुचेना. मी काडी घेऊन जमिनीवर बिबट्या काढला. अंगावर काय? फुलं. शेपूट? लांब, खालून पांढरी. आयाळ? नाही. पट्टे? नाही.

"पर आमच्या येशीवरल्या वाघोबाला पट्टं हायेत की."

"तो शेंदूर ओघळलेला आहे रे!"

"आन देवीच्या तसबिरीत..."

"तो सिंह! खंडू, देवीला विसर. फुलं म्हण."

"फुलं."

"किती होते?"

"तीन. समद्यांना फुलं."

दहा वेळा घोकून घेतलं. शेवटी तो माझ्याहून बरं सांगायला लागला. मग ऑफिसात नेलं. देवस्थळीसाहेबांनी चष्मा पुसला, त्याच्याकडे पाहिलं आणि फक्त म्हणाले, "बोल." झालं. खंडूच्या डोक्यातली सगळी फुलं गळून पडली.

"तीन व्हते सायेब. एकाला ठिपकं, एकाला पट्टं... आन धाकट्याला आयाळ."

"पिल्लाला आयाळ?"

"बारीक व्हती," खंडू म्हणाला.

मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. साहेबांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट. "टोलापर्यंत वेळ दिलाय, तो काढून घेत नाही," ते म्हणाले. "पण माझ्या सुलतानाची चेष्टा करू नकोस."

खंडू बाहेर आला आणि रुळाच्या तुकड्याखाली जाऊन बसला. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी तिसराच तमाशा. निवृत्ती मुकादम झोपडी झोपडी पालथी घालत होता, चुली हुंगत होता.

"आता काय हरवलं?"

"हरवलं नाही राव, सापडंना झालंय! कालपासून कोण आंबेमोहर शिजवतंय ते सांगा मला. आम्ही मीठ-भाकर खायची आणि हा वास घ्यायचा? बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेताला आल्यात."

"साहेबांच्या बंगल्यावर असेल."

"बाईसाहेबांनीच माणूस पाठवलाय, तुमच्यात आज काय बेत आहे म्हणून विचारायला!"

मी म्हटलं, मरो तो भात. पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन एका पालथ्या घमेल्यावर बसलो. ही टाकी कारखान्याची शान. सहा खांबांवर उभी, उंची शंभर फूट. बरं, पन्नास धरा. भोवती बांबूची परांची, वर चढायला फळ्यांचा उतरता रस्ता. टाकीवरचे गवंडी सणाला गावी गेल्यामुळे टाकीचं काम आठ दिवस बंद होतं, वर कुणी जात नव्हतं. मी भाकरी सोडली. मान खाली. जन्माची सवय. समोर मातीत मुंग्यांची रांग, तिचाही माग काढत होतो.

आणि तो वास आला. इतका जवळून, की वाटलं कुणी पातेल्यावरचं झाकण काढलं. मी डाव्या हाताच्या खांबाकडे वळलो. वास खांबाला येत होता. माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर काँक्रीट ओलसर, चिकट. लोखंड आणि सिमेंटच्या खांबाला आंबेमोहराचा वास.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी नोकरीला लागलो तेव्हा एका म्हाताऱ्या गार्डानं मला रानात नेऊन सांगितलं होतं, की ज्या ठिकाणी भाताचा वास येईल आणि जवळपास चूल नसेल, त्या ठिकाणाहून पोरा, पाऊल न वाजवता मागं फिर. बिबट्या आपली हद्द आखतो ती अशी. झाडाच्या बुंध्याकडे पाठ करायची, शेपूट उभी करायची आणि पिचकारी मारायची. त्या पिचकारीला शिजत्या सुवासिक भाताचा वास येतो. मगाशी सांगायची राहिलेली गोष्ट ती ही. जन्मात दोनदा मी तो वास घेतला होता, पण रानात. इथं माळावर झाडच नव्हतं. मग त्यानं काय करावं? त्यानं टाकीलाच झाड मानलं होतं.

कांद्याच्या वाफ्यावरून उठवलेला एक माणूस दोन दिवस खरं सांगत होता. करवत खरी होती, भात खरा होता. मी तज्ज्ञ, मी हसलो होतो.

मी वर पाहिलं. परांचीच्या सगळ्यांत वरच्या फळीवरून एक शेपूट लोंबत होती. खालच्या अंगानं पांढरी. टोक हळूच वळत होतं, सरळ होत होतं. आम्ही दोन दिवस खाली मातीत नाकं खुपसत होतो आणि तो वरून आमची घमेली मोजत होता.

मी कसा उठलो, कसा चाललो, मला ठाऊक नाही. खंडूच्या म्हणण्याप्रमाणे मी उलटा चालत आलो आणि हातातली भाकरी सलाम केल्यासारखी कपाळाला लावलेली होती. मी त्याला नुसतं बोटानं दाखवलं. त्यानं पाहिलं. आधी बिबट्याकडे, मग माझ्याकडे.

"फुलं हायेत की वो," तो कुजबुजला.

साहेबांना बोलावलं. मुकादमानं आयुष्यात पहिल्यांदा आवाज न करता काम केलं. चिडीचूप एकेक माणूस भिंतीपलीकडं काढला. आम्ही चौघं ऑफिसच्या खिडकीशी बसलो. ऊन उतरलं. टोलाची वेळ झाली. खंडू सवयीनं उठला, आणि साहेबांनी त्याच्या कोटाची बाही धरली.

"टोल देऊ नकोस," ते हळूच म्हणाले.

सगळं शांत झाल्यावर दिवेलागणीला तो उठला. आळस दिला, पुढचे पाय ताणले, शेपूट उभी केली. मग डोकं खाली करून बांबूंवरून असा उतरला, जसं तेल ओघळावं. भिंतीपाशी थांबला नाही. आठ फूट त्यानं पायरीसारखे ओलांडले आणि पवनेकडच्या बाभळींत मिसळून गेला. त्या दिवशी बांधकामावर टोल झालाच नाही.

सकाळी खंडू आणि मी वर चढलो. मुकादम खालून आम्हाला सूचना देत होता. वरच्या फळीवर गवंड्यांनी सोडलेल्या गोणपाटावर सुलतानाचा पट्टा पडला होता, आणि बाकी जे होतं ते सांगत नाही. खंडूनं पट्टा उचलला. बिल्ला पुसायचं फडकं खिशातून काढून त्यानं तो पुसला, खाली आणला आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढं धरला. साहेबांनी तो घेतला. पाठमोरे होऊन खिशात ठेवला.

"चुकलं माझं, खंडू," वळून म्हणाले. "बिल्ला लाव."

मी म्हटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर आली. काटेकोर माणूस. "गार्ड, हा एक झाला. बाकीचे दोन?"

एकच होता म्हणावं तर सरकारी रोजनिशी खोटी, शिवाय दोन दिवस त्या आकड्यापायी एका माणसाचा जीव टांगणीला लावला, तेही कबूल करावं लागणार. मी तोंड उघडलं, पण आवाज आला तो खंडूचा.

"गेलं सायेब. म्या बघितलं. आज पहाटंला, घोरावडीच्या डोंगराकडं. एक मोठं, एक बारीक." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "फुलं व्हती दोगांना. शेपटी खालून पांढरी."

जिवंत बिबट्या डोक्यावर बसला होता त्या दोन दिवसांत त्याला धड एक सांगता आला नव्हता. जे दोन नव्हतेच ते त्यानं माझ्यासाठी बिनचूक सांगितले.

रोजनिशीतली ओळ रेंजरसाहेबांच्या रजिस्टरात गेली, तिथून वरच्या ऑफिसात. एक गेला, दोन शिल्लक. दर वर्षी विचारणा यायची, सदर दोन बिबटे कुठं आहेत? मी लिहायचो, आहेत. न लिहून करतो काय? आणि गंमत म्हणजे ते खरंच दिसायला लागले. चिखलीत दिसले, मोशीत दिसले, चाकणच्या कांद्याच्या वखारीमागं भरदिवसा दिसले. दोनदा तर परवाना काढून शिकारी आले, आठवडाभर बसून गेले. तेव्हा मात्र मला घाम फुटला होता. त्या दोघांच्या पायी एखादा खराखुरा, निरपराधी बिबट्या मेला असता तर? तसं झालं नाही. निदान मला कळलं नाही. निवृत्त होताना नव्या गार्डाला चार्ज दिला त्या यादीत काठी, शिट्टी, रोजनिशी आणि बिबटे नग दोन असं होतं. त्यानं सही केली.

पण खरं सांगू? कधी कधी मी स्वतःच घोटाळ्यात पडतो. फुफाट्यातला तो इवलासा ठसा पूर्ण कधी पाहिलाच नाही. रानमांजराचा असेल, असं मी म्हणतो. नसलाही.

गेल्या वर्षी खंडूनं जेवायला बोलावलं. पिंपळे गुरवला तीन मजली घर, गच्चीवर टाकी, मुलगा कंपनीत. आम्ही दोघं म्हातारे ओट्यावर पाटावर बसलो. बिल्ला भिंतीवर चौकटीत लावलेला, अजून चिंचेनं घासलेला. खंडूनं नातवंडांपुढं ती गोष्ट सांगितली. त्याच्या गोष्टीत तीन होते, आणि तिन्ही त्यानं पाहिले होते.

"खंडू," मी हळूच म्हणालो, "तू झोपला होतास ना?"

"गार्डसायेब, तुमीच सांगितलं न्हवं का, म्या बघितलं म्हून?"

तेवढ्यात सून पातेलं घेऊन बाहेर आली. तिनं झाकण काढलं. आंबेमोहर.

आम्ही दोघांनी एकदमच मान वर केली.

सून वाढता वाढता थांबली. तिनंही वर पाहिलं. नुसता स्लॅब, त्याला पंखा. "मामंजी, काय हाय वर?"

"काय न्हाई गं," खंडू म्हणाला आणि ताट पुढं सरकवलं. "वाढ तू. दोन ऱ्हायल्यात अजून."